पोस्टस्क्रिप्ट फक्त कागदासाठीच का? स्क्रीनवरच्या रांगोळीबद्दल विचारायचं आहे

ठिपकेवाली

नमस्कार मंडळी. मी सांगलीची. २२ वर्षं एका ऑफसेट प्रेसच्या प्रीप्रेसमध्ये, म्हणजे छपाईआधीच्या तयारीच्या विभागात होते. पोस्टस्क्रिप्ट म्हणजे पान कसं रंगवायचं हे प्रिंटरला सांगणारी प्रोग्रॅमिंगची भाषा. इमेजसेटरवर (छपाईची फिल्म काढणारं यंत्र) फिल्म निघता निघता मध्येच थांबायची आणि कागदावर ‘लिमिटचेक’ (मर्यादा ओलांडली) नि त्याखाली ‘ऑफेंडिंग कमांड’ एवढंच छापून यायचं. बाकीचे फाइल परत पाठवून बघायचे. मी ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडायला लागले. एकदा साड्यांच्या कॅटलॉगमधली वेलबुट्टी अशीच अडकली होती. आत पाहिलं तर अख्खी वेल एकाच पाथमध्ये, म्हणजे एकाच सलग रेषेत, १५०० च्या वर बिंदू. ती वेल दोन पाथांत विभागली आणि फिल्म सुटली. मी पोस्टस्क्रिप्ट शिकले ते असं, अडलेल्या कामातून.

आता निवृत्त आहे आणि याच भाषेत ठिपक्यांच्या रांगोळ्या काढते. माउस वापरत नाही, कोड हाताने लिहिते. ९ ते ५ ठिपक्यांची रांगोळी घ्या. -४ पासून ४ पर्यंत फॉर लूप लावायचा, ओळीचा क्रमांक उणे असेल तर चिन्ह सोडून ९ मधून वजा करायचा, की त्या ओळीतले ठिपके मिळतात: ५, ६, ७, ८, ९ आणि परत उतरत ५. एकूण ६१. दोन ठिपक्यांत ४० पॉइंट (७२ पॉइंटांचा एक इंच) ठेवले तर दोन ओळींमध्ये ३४.६४. मग शेजारच्या प्रत्येक दोन ठिपक्यांमध्ये एक पाकळी, म्हणजे दोन कर्व्हटू (वक्र रेघ काढायची आज्ञा). अशा १५६ पाकळ्या होतात. प्रिंट इतकी सुरेख येते की आईने काढलेल्या दारातल्या रांगोळीची आठवण होते. तिची बोटं जशी वळायची तसे कर्व्हटूचे मधले दोन बिंदू मी सरकवत बसते.

अडचण स्क्रीनची आहे. घोस्टस्क्रिप्टमध्ये (संगणकावर पोस्टस्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) चालवलं की चित्र दिसतं, शेवटची शोपेज ही आज्ञा झाली की पान कोरं. शिवाय दोन पाकळ्यांमध्ये मी अर्ध्या पॉइंटची फट ठेवते, ती कागदावर स्पष्ट असते, पण स्क्रीनवर पाकळ्या एकमेकींना चिकटतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माझ्या नातीला पाकळीवर बोट ठेवून रंग भरायचा आहे. पाकळी मी काढली, तिची कड भाषेला माहीत आहे, मग ‘हा बिंदू कुठल्या पाकळीत आहे’ हे भाषेने सांगायला नको का?

या भाषेने कागदाऐवजी सरळ स्क्रीन रंगवायचा, असं पूर्वी कुणी केलं आहे का? तुमच्यापैकी कुणी ते वापरलंय का?

रेषाओळ

ताई, आधी तातडीचं. शोपेज म्हणजे नुसतं ‘दाखव’ नाही. पान बाहेर काढ, पाटी पूस आणि ग्राफिक्सची सगळी स्थिती मूळपदावर आण, अशी तीन कामं तो एका दमात करतो. प्रिंटरला तेच हवं असतं, कारण पुढचा कागद कोराच असतो. स्क्रीनवर काम करताना शोपेज काढून टाका, प्रॉम्प्टवर फाइल चालवा, चित्र तसंच राहील. काही भाग उशिरा दिसला तर फ्लशपेज द्या.

पाकळ्या चिकटतात त्याचं कारण भाषेच्या नियमातच आहे. आकाराने पिक्सेलला जरा जरी स्पर्श केला तरी तो अख्खा पिक्सेल रंगतो. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचात ३०० ठिपके असतील तर, अर्धा पॉइंट म्हणजे दोन पिक्सेल, त्यामुळे फट उरते. ७२ डीपीआयला तोच अर्धा पिक्सेल, तो दोन्ही बाजूंनी गिळला जातो. ग्राफिक्सअल्फाबिट्स हा पर्याय ४ ठेवून बघा, फट पूर्ण उघडणार नाही, पण फिकी रेघ दिसेल.

बिंदूचं म्हणाल तर इनफिल नावाचा ऑपरेटर आहे. पाथ तयार करा, दोन आकडे द्या, इनफिल म्हणा, खरं किंवा खोटं उत्तर येतं. घोस्टस्क्रिप्टमध्ये चालतो. मात्र माउस किंवा बोट कुठे टेकलं हे घोस्टस्क्रिप्ट तुमच्या कोडपर्यंत आणून देत नाही, आकडे तुम्हालाच टाइप करावे लागतील.

कृष्णघन

ताई, तुमचा प्रश्न वाचून कपाटातली जुनी वही काढली. हो, केलं आहे, आणि मी दोन वर्षं त्यावरच काम केलंय.

१९९० मध्ये मी एमएस करायला अमेरिकेत गेलो. आमच्या विभागाच्या लॅबमध्ये नेक्स्ट कंपनीचे काळे घनाकार संगणक होते, एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. स्टीव्ह जॉब्ज यांनी १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये लोकांसमोर आणलेलं ते यंत्र. स्क्रीन १७ इंची, ११२० बाय ८३२ पिक्सेल, आणि रंग म्हणाल तर काळा, पांढरा आणि मधले दोन करडे. या स्क्रीनवरची प्रत्येक खिडकी, प्रत्येक बटण, प्रत्येक अक्षर पोस्टस्क्रिप्टने रंगायचं. पोस्टस्क्रिप्ट बनवणारी अडोबी आणि नेक्स्ट यांनी मिळून ती आवृत्ती तयार केली, तिचं नाव डिस्प्ले पोस्टस्क्रिप्ट. विंडो सर्व्हर नावाचा एक प्रोग्रॅम सतत चालू असे, त्याच्या पोटात भाषेचा इंटरप्रिटर, म्हणजे कोड वाचून लगेच चालवणारा भाग. बाकी सगळे प्रोग्रॅम त्याला पोस्टस्क्रिप्ट पाठवायचे.

याप नावाचा एक छोटा प्रोग्रॅम त्यात होता. एका खिडकीत कोड लिहायचा, चालवायचा, दुसऱ्या खिडकीत चित्र. तुमची ९ ते ५ ची रांगोळी त्यात जशीच्या तशी उतरली असती, मूळ बिंदू डावीकडे खाली, वाय वर वाढणारा, अगदी कागदासारखा. फक्त आकार लहान दिसला असता. कागदावर ७२ एककांचा एक इंच होतो. नेक्स्टवर एक एकक म्हणजे एक पिक्सेल आणि स्क्रीन साधारण ९२ डीपीआयचा, म्हणून कागदावरचा इंच तिथे पाऊण इंचाच्या थोडा वर भरायचा.

मी काय केलं ते सांगतो, कारण तुमच्या फटीची आणि बोटाची अडचण मला तिथेच भेटली. पहिल्या वर्षी दिवाळीला घरी जाता आलं नाही, म्हणून ‘शुभ दीपावली’ असं ग्रीटिंग करून साताऱ्याला पाठवायचं ठरवलं. देवनागरी फॉन्ट माझ्यापाशी नव्हता. पोस्टस्क्रिप्टमध्ये टाइप ३ नावाचा फॉन्टचा प्रकार आहे, त्यात प्रत्येक अक्षर म्हणजे तुम्ही लिहिलेली एक छोटी प्रोसिजर. शु, भ, दी, पा, व, ली अशी सहा अक्षरं ग्राफपेपरवर काढली, बिंदू मोजले, कर्व्हटू लिहिले. शिरोरेषा प्रत्येक अक्षराबरोबरच काढली होती. स्क्रीनवर आणलं तर अक्षरांच्या मध्ये शिरोरेषेत एक-एक पिक्सेलची फट, कारण अक्षराची जागा शेवटी पूर्ण पिक्सेलवरच बसते. लॅटिन लिपीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. आपली रेघ तुटली की शब्दच तुटतो. शेवटी अक्षरांतून शिरोरेषा काढून टाकली आणि संपूर्ण शब्दावरून एकच रेघ ओढली. तीही कधी एक पिक्सेल जाड, कधी दोन, जागा कुठे येते त्यावर. त्यावर डिस्प्ले पोस्टस्क्रिप्टमध्ये स्ट्रोक ॲडजस्ट हा इलाज होता. तो चालू केला की रेघ पिक्सेलच्या जाळीला जुळवून घेते आणि सगळीकडे सारखी जाड दिसते. कागदावर जी गोष्ट जाणवतच नाही ती स्क्रीनवर भाषेला शिकवावी लागली.

दुसरी शिकवण तुमच्या नातीच्या प्रश्नाची. कागदाला कुणी विचारत नाही की मी बोट कुठे ठेवलं. स्क्रीनला विचारतात. म्हणून इनफिल, इनस्ट्रोक हे ऑपरेटर आले. पहिला, भरलेल्या आकाराच्या आत बिंदू आहे का ते सांगायचा, दुसरा, रेघेवर आहे का ते. ग्रीटिंगवर मी पणत्या काढल्या होत्या, क्लिक केलं की ज्योत पेटायची. सुरुवातीला सी भाषेतून एकेका पणतीसाठी इनफिल विचारत होतो. प्रत्येक प्रश्न सर्व्हरकडे जायचा, उत्तराची वाट बघायची, मग पुढचा. २४ पणत्यांना क्लिक जाणवण्याइतकं रेंगाळायचं. आमच्या लॅबमधल्या एका सीनियरने सांगितलं, प्रश्न नको पाठवूस, लूपच पाठव. पीएसरॅप नावाचं साधन होतं: डिफाइनपीएस आणि एंडपीएस यांच्यामध्ये पोस्टस्क्रिप्ट लिहायचं, ते त्याचं सी फंक्शन करून द्यायचं. मी चोवीस पणत्यांचा लूप त्यात घातला. आता एकच प्रश्न जायचा, लूप सर्व्हरच्या आत फिरायचा आणि पणतीचा क्रमांक तेवढा परत यायचा. ज्योत क्लिकबरोबर पेटू लागली. चित्राची भाषा ही खरी प्रोग्रॅमिंगची भाषा असली की काय मिळतं, ते त्या संध्याकाळी हाताला कळलं.

आणि प्रिंट! नेक्स्टच्या लेसर प्रिंटरमध्ये स्वतःचा पोस्टस्क्रिप्ट इंटरप्रिटर नव्हताच. संगणकच पान रंगवून तयार ठिपके त्याच्याकडे पाठवायचा. ४०० डीपीआयला लेटर आकाराचं पान म्हणजे ३४०० बाय ४४०० ठिपके, जवळपास १९ लाख बाइट. अख्खा स्क्रीन मात्र सव्वादोन लाखांच्या थोडा वर. चित्र काढणारा कोड दोन्हीकडे तोच. स्क्रीनवर पायऱ्या-पायऱ्यांची दिसणारी माझी ‘भ’ची गाठ कागदावर गोल गुळगुळीत उतरली तेव्हा मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

एकच गोष्ट कागदावर उतरली नाही. ज्योतीभोवतीचा उजेड मी पारदर्शक केला होता. नेक्स्टने स्क्रीनसाठी अल्फा आणि कंपोझिट ही भर घातली होती, पण त्या वेळच्या छपाईच्या पोस्टस्क्रिप्टला पारदर्शकता ठाऊकच नव्हती. मग उजेडाची करडी वलयं सेटग्रेने एकात एक काढली. ते ग्रीटिंग आईने देव्हाऱ्याच्या भिंतीला लावलं होतं, ती गेली तेव्हाही तिथेच होतं.

ठिपकेवाली

कृष्णघन, शिरोरेषेचं वाचून डोळे भरले. आमच्याकडेही बटर पेपरवर लेसर काढताना शिरोरेषेतली फट पेनाने भरून घेणारा एक मुलगा खास ठेवलेला असायचा.

पण मग हे इतकं चांगलं होतं तर राहिलं का नाही? आणि नेक्स्ट सोडून दुसऱ्या कुणी केलं होतं का?

सनवाला

दुसऱ्यांनी आधीच केलं होतं. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉसलिंग आणि डेव्हिड रोझेन्थाल यांनी न्यूज नावाची विंडो सिस्टिम केली होती. हो, पुढे जावा भाषा केली तेच गॉसलिंग. १९९१-९२ मध्ये मुंबईत माझ्या ऑफिसात सनच्या वर्कस्टेशनवर ओपनविंडोज होतं, त्यात एक्स (युनिक्सवरची नेहमीची विंडो सिस्टिम) आणि न्यूज एकत्र होते.

नेक्स्टवर पोस्टस्क्रिप्ट चित्र काढायचं, बटण दाबलं की काय करायचं हे मात्र ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये लिहायचं. न्यूजमध्ये दोन्ही पोस्टस्क्रिप्टमध्येच. बटण, मेनू, माउसची घटना, सगळा कोड सर्व्हरच्या आत पाठवता यायचा आणि तिथे त्याच्या हलक्या प्रोसेस चालायच्या. माउस मेनूवरून फिरताना तुमच्या प्रोग्रॅमला त्याची खबरही जायची नाही. नेटवर्क सावकाश असलं तरी मेनू हाताला चिकटल्यासारखा चालायचा. आज ब्राउझरमध्ये सर्व्हरकडून कोड येतो आणि तुमच्याच यंत्रावर चालतो, त्याची ही जुनी बहीण. इंटरप्रिटर अडोबीचा नव्हता, सनने स्वतः लिहिला होता. खिडकीला कॅनव्हास म्हणायचे आणि तो कुठल्याही आकाराचा चालायचा. मी षटकोनी खिडकी केली होती, ताईंची रांगोळी तिच्यात काठोकाठ बसली असती.

पीएसएच अशी कमांड देऊन थेट सर्व्हरशी बोलता यायचं. चालू स्क्रीनवर ओळीओळीने कोड टाकून बघायचा, हे शिकण्यासाठी याहून चांगलं मला आजवर काही मिळालेलं नाही. पण एक धोका होता. प्रोसेस आपणहून पॉज म्हणेपर्यंत दुसरीची पाळी येत नसे. मी एकदा लूपमध्ये पॉज लिहायला विसरलो, सगळ्या खिडक्या थिजल्या, बाकीच्यांचं उघडं काम अडकलं. त्यानंतर आमच्याकडे न्यूजचा कोड दोघांनी वाचल्याशिवाय चालवायचा नाही असा नियम झाला. १९९३ मध्ये सनने सोलारिस २.३ बरोबर न्यूज काढून टाकलं आणि एक्सवर डिस्प्ले पोस्टस्क्रिप्टची जोड दिली.

कृष्णघन

का राहिलं नाही, यावर माझं मत सांगतो.

सनवाला यांनी सांगितलेला धोका मुळाशी आहे. सगळ्यांचं चित्र एकाच सर्व्हरमध्ये रंगत असेल तर एकाचं ओझं सगळ्यांवर पडतं. डिस्प्ले पोस्टस्क्रिप्टमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळा काँटेक्स्ट, म्हणजे स्वतःची वेगळी जागा होती, पाळ्या नीट वाटल्या जायच्या, तरी रंगवणारा एकच. दुसरं असं की मी पाठवला तसा लूप फार थोडे लोक पाठवायचे. बहुतेक प्रोग्रॅम ‘इथे जा, इथपर्यंत रेघ ओढ, भर’ एवढंच सांगायचे. लूप, अटी, व्हेरिएबल हे सगळं त्यांच्या स्वतःच्या सी कोडमध्ये. म्हणजे सर्व्हरमध्ये पूर्ण भाषा बसवून ठेवायची आणि वापरायची फक्त तिची चित्रकला.

डिसेंबर १९९६ मध्ये ॲपलने नेक्स्ट विकत घेत असल्याचं जाहीर केलं. मार्च २००१ मध्ये मॅक ओएस टेन आलं, त्यात डिस्प्ले पोस्टस्क्रिप्टच्या जागी क्वार्ट्झ ही चित्र रंगवणारी नवी व्यवस्था. पाथ, भरणं, रेघ, क्लिप, जीसेव्ह-जीरिस्टोअरची (ग्राफिक्सची स्थिती जपायची आणि परत आणायची) कल्पना, सगळं राहिलं, पण नमुना पीडीएफचा. पीडीएफमध्ये लूप नाही, अट नाही. आणि रंगवायचं काम ज्याचं त्याने आपल्याच प्रोसेसमध्ये करायचं, विंडो सर्व्हरने तयार खिडक्या फक्त एकावर एक रचायच्या. पारदर्शकता तिथे पहिल्यापासून मुरलेली. माझ्या ज्योतीचा उजेड आज तसाच्या तसा छापला जाईल.

मला भाषा गेल्याचं दुःख आहे आणि तो निर्णय बरोबर होता असंही वाटतं. दोन्ही मनापासून.

नवीपाटी

ताई, मी ब्राउझरमधली कामं करतो. तुम्हाला हवं ते तुमच्या फोनमध्ये आहे. एचटीएमएलचा कॅनव्हास (वेबपानावरची चित्र काढायची जागा) ॲपलने २००४ मध्ये आणला तो या क्वार्ट्झच्याच वळणाचा. मूव्हटू, लाइनटू तसेच, कर्व्हटूला बेझिअरकर्व्हटू म्हणायचं, जीसेव्ह-जीरिस्टोअरला सेव्ह-रिस्टोअर. इनफिलचं नाव इजपॉइंटइनपाथ आणि इनस्ट्रोकचं इजपॉइंटइनस्ट्रोक. बोट टेकल्याची जागा ब्राउझर देतो. प्रत्येक पाकळी पाथ२डी (जपून ठेवलेला पाथ) म्हणून साठवा आणि १५६ जणींना विचारत जा, आजच्या फोनला ते काहीच नाही.

एक लक्षात ठेवा, इथे मूळ बिंदू डावीकडे वर असतो आणि वाय खाली वाढतो. ट्रान्सलेटने उंचीइतकं खाली सरकवून स्केलला १ आणि -१ दिलंत की तुमचे आकडे आहेत तसे चालतील.

ठिपकेवाली

आठवडाभर बसले, झालं! आकडे एकही बदलला नाही, ३४.६४ सुद्धा.

मात्र दोन दिवस एका जागी अडले होते. वरच्या पाकळीला बोट लावलं की खालची रंगायची, अगदी आरशातल्यासारखी. रांगोळी दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे चूक कुठे आहे तेच कळेना, चित्र तर बरोबर दिसत होतं. मग मुद्दाम एक पाकळी तिरकी केली आणि बघितलं. सापडलं ते असं: पोस्टस्क्रिप्टच्या इनफिलला आपण आपल्या मापातला बिंदू देतो, फिरवलेलं, उलटवलेलं सगळं तो सांभाळून घेतो. इथला इजपॉइंटइनपाथ पाथ उलटवून घेतो, पण बिंदू मात्र कॅनव्हासच्या मूळ मापातलाच समजतो. मी बिंदूही माझ्या मापात, खालून वर मोजून देत होते. ते मोजणं काढलं, ब्राउझरने दिलेला बिंदू जसाच्या तसा दिला, आणि बोटाखालची पाकळी रंगली. नवीपाटी, पुढे कुणाला सांगाल तेव्हा हेही सांगा.

नातीने पहिली पाकळी हिरवी केली, मधल्या ठिपक्याजवळची. मग तिने विचारलं, आजी, हे आता कागदावर येईल का? रंगलेल्या पाकळ्यांचे क्रमांक मी परत पोस्टस्क्रिप्टच्या फाइलमध्ये एका ॲरेत (यादीत) घातले, शोपेज शेवटी परत लिहिला आणि प्रिंट दिली. फट स्वच्छ आली आहे, अर्ध्या पॉइंटची.

कृष्णघन, तुमच्या वहीतले ‘शुभ दीपावली’चे बिंदू अजून वाचता येत असतील तर इथे टंकाल का? या दिवाळीला रांगोळीखाली तीच सहा अक्षरं घालायची आहेत, शिरोरेषा एकाच रेघेत.

कृष्णघन

शाई फिकी झालीय पण आकडे लागतात. ‘भ’ आज रात्री देतो, त्याला १७ बिंदू आहेत. बाकीची उद्या.